पाळण्यातून कोणीही पडलं नव्हतं



पारण्याच्या दिवशी पोटाला हलके पडतील अशा पदार्थांवर या वेळी लिहीन, असं मी कबूल केलं होतं. ते पुढच्या वेळी नक्की. आज मी रागावलेली आहे, आणि रागात स्वयंपाक केला की मीठ हमखास जास्त पडतं. तेव्हा आज चूल बंद, नुसतं बोलायचं.

गेल्या रविवारी माझ्या भाचीच्या लेकीचं बारसं झालं. पाहुण्यांच्या सोयीनं दोन महिन्यांनी केलेलं, पण थाटात. पाळण्याला झेंडूच्या माळा, घुगऱ्यांची पातेली, ओट्या, सगळं रीतसर. बाळ गोरंगोमटं, हसरं. फक्त कमरेपासून खाली एक जाड शाल, ऐन उन्हाळ्यात. शालीखाली बाळाच्या पायांना खांद्यावरून आलेले मऊ पट्टे बांधलेले आहेत. त्यांनी गुडघे वर दुमडून बाजूला फाकवून धरलेले आहेत, बेडकासारखे. विहीणबाईंनी फोटोवाल्याला आधीच बजावलं होतं, पाय नको, चेहराच घ्या. तरी एका पाहुणीनं शाल सरकवलीच आणि विचारलं, "अगंबाई, हे काय झालं हो पायाला?" विहीणबाई पटकन म्हणाल्या, "काही नाही, दवाखान्यात नर्सनं उचलताना जरा हिसका बसला."

मी हातातली घुगऱ्यांची वाटी खाली ठेवली. नर्सनं काहीही केलेलं नाही. तिच्या हातून हिसकाही बसलेला नाही आणि बाळ पडलेलंही नाही. ते वाक्य ऐकलं तेव्हाच ठरवलं की हे लिहायचं. कारण आमच्या घरात ऐकलेलं हे अशा जातीचं चौथं वाक्य आहे.

पहिलं वाक्य माझ्या आईचं. आई डुलत चालायची. डावा पाय आखूड, पाऊल टाकलं की अंग डावीकडे कलायचं. आम्हां भावंडांना लहानपणापासून सांगितलेलं, की आई तान्ही असताना पाळण्यातून पडली. दुसरं वाक्य माझ्या मावशीचं. तीही तशीच चालायची, दोन्ही बाजूंना झुलत. ती म्हणे परसातल्या हौदावर घसरली. गावातले लोक तिला सरळ पोलिओ झालेली म्हणायचे, आणि आजोळचे लोक ते खोडून काढत नसत. पोलिओ बाहेरून येतो ना, घरातून नाही येत! तिसरं वाक्य माझ्या स्वतःच्या लेकीचं. ते मी पुढे सांगते, कारण त्यात चूक माझीही आहे.

एकाच घरातल्या चार मुली, आणि चौघींना आपापला वेगळा अपघात. मुलगे कोणी पडत नाहीत, जावयांच्या घरातलं कोणी पडत नाही. पाळणा, हौद, नर्स यांनी मिळून आमच्याच मुलींचा खुबा हेरलेला. मैत्रिणींनो, हे कुणाला खरं वाटेल? पण आम्हां शिकल्यासवरल्या माणसांना पन्नास-साठ वर्षं वाटलं.

माझी लेक १९९८ सालची, माझं पहिलं बाळ. चालायला उशीर झाला, तेव्हा एका डॉक्टरांनी कॅल्शियमचं औषध दिलं आणि म्हणाले, काही मुलं उशिरा चालतात. सतराव्या महिन्यात ती चालली, पण आईसारखी. अगदी तसाच डावीकडे झोक. सासरी कुणीतरी म्हणालं, आजीच्या अंगाखांद्यावर वाढलेली, आजीची नक्कल करते. मी काय म्हणाले? मी म्हणाले, मागच्या महिन्यात पलंगावरून पडली होती, तेव्हा मार बसला असेल. पलंग एक हात उंच, खाली गादी. पण वाक्य कसं आपोआप तोंडात आलं! ते माझ्या माहेरचंच होतं.

शेवटी मिरजेला हाडांच्या डॉक्टरांकडे गेलो. एक्स-रे काढला. मांडीच्या हाडाचा गोळा खुब्याच्या वाटीत नव्हताच, वर सरकून बसलेला. डॉक्टर मला समजावत होते तेवढ्यात आई औषधांची पिशवी घेऊन आत आली. ते आईच्या चालण्याकडे बघतच राहिले. "आजी, तुम्हांला हे कधीपासून?" आई म्हणाली, "तान्हेपणी पाळण्यातून पडले होते." त्यांनी आईचाही एक्स-रे काढायला लावला. दोन्ही फिल्म त्या उजेडाच्या पेटीवर शेजारी शेजारी लावल्या. एक वीस महिन्यांच्या मुलीची, एक पंचावन्न वर्षांच्या बाईची. डावा खुबा दोघींचा सारखाच रिकामा. डॉक्टर म्हणाले, "हा पडल्याचा खुबा नाही, बाई. हा जन्माचा आहे."

घरी येताना एसटीत आई एवढंच म्हणाली, "मला जे सांगितलं, तेच मी तुला सांगितलं गं." तिला दोष देण्याची ताकद माझ्यात तेव्हाही नव्हती, आजही नाही.

माझ्या लेकीचं ऑपरेशन झालं. खुबा उघडून गोळा वाटीत बसवला, हाड कापून कोन बदलला. छातीपासून पायापर्यंत प्लास्टर, मध्ये फक्त शी-शूसाठी मोकळी जागा. तीन महिने. ज्यांनी असं लेकरू सांभाळलंय त्यांनाच ठाऊक, प्लास्टरच्या आत खाज सुटल्यावर दीड-पावणेदोन वर्षांचं मूल कसं रडतं. आणि हेच दुखणं जन्मानंतर दोन महिन्यांत ओळखलं असतं, तर बहुधा शालीखालच्या त्या मऊ पट्ट्यांवर भागलं असतं. माझ्या रागाचं मूळ इथे आहे. पट्टे आणि करवत यांच्यातलं अंतर आमच्या घरात एका खोट्या वाक्यानं तयार केलं.

आता जरा शास्त्र सांगते, कंटाळू नका. आपण पापडाच्या लाट्या मोजून घेतो, तसंच हेही मोजूनमापून समजून घेऊ.

खुबा म्हणजे वाटी आणि गोळा. बाळ जन्मतं तेव्हा ही वाटी बरीचशी कूर्चेची, म्हणजे मऊ असते. गोळा वाटीत नीट बसलेला असेल तर वाटी त्याच्याभोवती खोल घडत जाते. गोळा सैल असेल, काठावर असेल किंवा बाहेर असेल, तर वाटी उथळच राहते. एकदा ती उथळ राहून टणक झाली, की मग सुतारकाम. बाळाला यात दुखत नाही, म्हणून ते रडत नाही, म्हणून कळत नाही. पूर्ण निसटलेला खुबा साधारण हजारात एक-दोन बाळांना असतो, थोडा सैल किंवा उथळ खुबा त्याहून कितीतरी जणांना. मुलींमध्ये मुलांपेक्षा कित्येक पट जास्त. पहिलटकरणीच्या बाळाला जास्त. डाव्या बाजूला जास्त. पोटात पाय किंवा ढुंगण खाली असलेल्या बाळाला जास्त. आणि घराण्यात आधी कुणाला असेल तर जास्त.

हे शेवटचं किती जास्त, तेही ऐका. एडिंबरोच्या रूथ विन-डेव्हिस या डॉक्टरबाईंनी अशा शेकडो कुटुंबांचा अभ्यास करून १९७० साली आकडे मांडले. आईवडील दोघेही निरोगी आणि एका मुलाला हा विकार असेल, तर पुढच्या मुलाला शंभरात सहा वेळा. आई किंवा वडील यांच्यापैकी एकाला असेल, तर मुलाला शंभरात बारा वेळा. एका पालकाला आणि एका मुलाला, दोघांनाही असेल, तर पुढच्या मुलाला शंभरात छत्तीस वेळा. छत्तीस! म्हणजे तीनातलं एक. आता मला सांगा, हे आकडे वापरायचे तर डॉक्टरला काय लागेल? घराण्यात कोण कोण डुलत चालत होतं, ते लागेल. आणि आम्ही काय देतो? पाळणा आणि हौद.

हा वारसा सरळ रेघेत चालत नाही, हेही समजून घ्या. कुठल्या एका गुणसूत्रावर बोट ठेवता येत नाही. थोडी वाटीची घडण, थोडा सांध्याच्या बंधांचा सैलपणा, थोडी पोटातली जागा, थोडं जन्मल्यावर कसं गुंडाळलं, असं सगळं मिळून होतं. म्हणून एका पिढीत दिसतं, पुढच्या पिढीत दिसत नाही, तिसरीत पुन्हा उगवतं. म्हणून "मुलाकडे काही नाही, सगळं सुनेकडून आलं" हे बोलणंही खोटं. वडिलांच्या बाजूनंही येतं. माझ्या भावाचे दोन्ही खुबे ठणठणीत, रोज सकाळी फिरायला जातो, आणि वारसा त्याच्याच हातून पुढे गेला असणार. आपल्याकडे मामाच्या मुलीशी लग्न लावायची रीत अजून आहे. तिथे तर दोन्हीकडची आजी एकच निघायची, मग बोट कुणाकडे दाखवणार?

बाहेरचं कारण शोधायची ही खोड काही फक्त आमच्या घराची नाही. आपल्यापैकी पुष्कळजणींचं माहेर कर्नाटकात. शिवमोग्गा जिल्ह्यात, सागर तालुक्यात हांडिगोडू नावाचं गाव आहे. तिथल्या काही गरीब, कष्टकरी घरांत १९७०च्या दशकात माणसं खुब्याच्या दुखण्यानं खिळून गेली, मुलं वाकू लागली. पहिला संशय गेला शेतातल्या औषध-फवारणीवर आणि भातखाचरातल्या खेकड्यांवर. तपास पुढे गेला तेव्हा कळलं, की तो हाडांचा आनुवंशिक आजार आहे, आईवडिलांकडून मुलांकडे जाणारा. आमच्या घरचा विकार वेगळा आणि त्याला उपचार आहे. तो आजार निराळा आणि फार क्रूर. पण माणसाचं मन दोन्हीकडे सारखंच. कारण अंगणात शोधायचं, माजघरात नाही.

आता मला जी जी उत्तरं मिळाली, ती एकेक घेते. कारण तुम्हांलाही तीच मिळतील.

पहिलं उत्तर भाचीच्या बाळंतपणात मिळालं. "डॉक्टरांनी जन्मल्यावर बघितलंय, नॉर्मल आहे." बाळ पोटात ढुंगणावर बसलेलं होतं, म्हणून सिझर झालं. आपल्याकडे अशा मुलाला पायाळू म्हणतात. कुणाची पाठ धरली, उसण भरली, की पायाळूला बोलावतात पाय लावायला. दुसऱ्याच्या पाठीसाठी पायाळूचा पाय चालतो, पण त्या पायाळूच्याच पायाकडे नीट बघा म्हटलं, तर मी अपशकुनी. डॉक्टरांनी बघितलं होतं, खरं आहे. हातानं खुबा तपासायची पद्धत फार मोलाची आहे. १९३७ साली इटलीतल्या फेरारा गावच्या मारिनो ओर्तोलानी या बालरोगतज्ज्ञांनी ती मांडली. एका आईनं बाळाला धुताना खुब्यात 'कट्' असं लागतंय म्हणून त्यांना दाखवलं, तिथून त्यांचं लक्ष गेलं, असं सांगतात. म्हणजे आधी आईच्या हाताला कळलं, बरं का! पुढे १९६२ साली इंग्लंडमध्ये टॉमस बार्लो यांनी त्याला जोड दिली. त्यांनी हेही दाखवलं, की जन्मतः सैल असलेले बरेचसे खुबे पहिल्या दोन महिन्यांत आपोआप घट्ट होतात. पण काही होत नाहीत. आणि काही खुबे असे, की हाताला कट् लागत नाही, पण वाटी उथळ असते. ती हाताला कशी कळणार? त्यासाठी सोनोग्राफी. १९८०च्या सुमारास ऑस्ट्रियाच्या राइनहार्ड ग्राफ यांनी ही तपासणी आणली आणि त्यांच्या देशात १९९२ पासून प्रत्येक बाळाची ती होते. आपल्याकडे प्रत्येकाची होत नाही. म्हणून तर ज्यांच्या घराण्यात आहे आणि ज्यांची बाळं पायाळू आहेत, त्यांनी मागून घ्यायची. चार ते सहा आठवड्यांच्या सुमारास सोनोग्राफी. तो वेळ चुकला आणि बाळ चार-सहा महिन्यांचं झालं, तर एक्स-रे. 'नॉर्मल' हा शब्द ऐकून घरी येऊ नका. विचारा, "हातानं नॉर्मल की सोनोग्राफीत नॉर्मल?" आणि हे विचारताना सांगा, की आमच्या घरात आहे. तुम्ही सांगितलंच नाही, तर डॉक्टर काय स्वप्नात बघणार?

दुसरं उत्तर, "आम्ही काय मुलं वाढवली नाहीत? पाय ताणून, घट्ट गुंडाळून ठेवलं, की पाय सरळ होतात." वाढवलीत हो, आणि प्रेमानं वाढवलीत. पण पाय सरळ ताणून बांधणं हे सैल खुब्याला गोळा बाहेर ढकलण्यासारखंच आहे. जपानात पूर्वी बाळांचे पाय सरळ ठेवून गुंडाळायची रीत होती. १९७५च्या सुमारास तिथल्या डॉक्टरांनी आज्या आणि आया दोघींना समजावलं, की पाय बांधू नका, दुमडू द्या, फाकू द्या. शंभरात एक ते तीन मुलांना असणारा हा विकार हजारात दोनांच्या आसपास उतरला. ना औषध ना ऑपरेशन, फक्त दुपट्याची घडी बदलली. उलट आफ्रिकेत, मलावीसारख्या देशात आया बाळाला पाय फाकवून पाठीला बांधतात, तिथे हा विकार फार क्वचित दिसतो. आणि आपलं कडेवर घेणं बघा. बाळानं मान धरली, की आपण त्याला कमरेवर घेतो, एक मांडी पुढे, एक मागे. खुब्याला मानवणारी हीच ती स्थिती. म्हणजे आपल्या परंपरेत चांगलं आहे, तेही आजीनंच दिलं. तेवढं ठेवा. बाळाला पायांवर घालून आंघोळ घालायची, तीही ठेवा. पण मालीशवाल्या बाईला सांगा, पाय धरून उलटं टांगायचं नाही, पाय खेचून जुळवायचे नाहीत. वरचं अंग हवं तर गुंडाळा, कमरेखाली दुपटं सैल.

तिसरं उत्तर आपल्या धर्माच्या नावानं येतं. "ज्याचं त्याचं कर्म. भोगल्याशिवाय सुटका नाही." हे मला मंदिराच्या पायरीवर ऐकवलं गेलं, म्हणून इथेच बोलते. आठ कर्मांमधलं नामकर्म शरीराची घडण ठरवतं, आणि त्यात संहनन, म्हणजे हाडांची आणि सांध्यांची बांधणीही येते, हे मी पाठशाळेत शिकले आहे. मला मान्य आहे. पण कर्म सांगणारी हीच माणसं ताप आला की गोळी घेतात, मोतीबिंदू झाला की सांगलीला जाऊन डोळा करून येतात. तिथे पुरुषार्थ आठवतो. फक्त मुलीच्या खुब्यापाशी आल्यावर कर्म आडवं येतं? चार दानांत औषधदान सांगितलं आहे. आपल्या घराण्याची खरी माहिती वेळेवर सांगणं हे सगळ्यांत स्वस्त औषधदान आहे, त्याला पैसा लागत नाही. तरी ते कुणाला द्यायचं नसतं.

माझी आई आयुष्यात कधी मांडी घालून सामायिकाला बसू शकली नाही. मंदिरात मागे भिंतीशी स्टूल घेऊन बसायची. बायका कुजबुजायच्या, देवासमोर उंच बसते. आई ते ऐकायची आणि डोळे मिटून माळ ओढायची. पुढे खुबा झिजला, रात्री कूस बदलताना कण्हायची. ज्यांना हे नुसतं 'भोग' वाटतं, त्यांनी एक रात्र तिच्या उशाशी काढायला हवी होती.

चौथं उत्तर सगळ्यांत खरं, कारण ते भीतीचं आहे. "हे उघड झालं तर मुलींची लग्नं कशी होणार?" माझा सख्खा भाऊ मला हेच म्हणाला. "पोरीच्या लग्नाला दोन वर्षं झालीत, ताई. आताच कशाला सासरी कालवाकालव?" मी त्याला विचारलं, "लग्न वाचवायचं म्हणून नातीचा खुबा द्यायचा का?" तो गप्प बसला. तीन दिवस त्यानं माझा फोन घेतला नाही. चौथ्या दिवशी भाचीचाच फोन आला, "आत्या, मी जाऊन आले. सोनोग्राफी केली. डावा आहे."

एक बहीण मला शास्त्रच सांगू लागली. म्हणाली, दुसऱ्याचं गुपित उघड करणं हा सत्याणुव्रताचा अतिचार आहे, रहोभ्याख्यान. बरोबर आहे तिचं. म्हणून हा लेख लिहिण्याआधी मी माझ्या लेकीला विचारलं. तिचं आता लग्नाचं बघतो आहोत, बायोडाटा छापलेला आहे. मी म्हणाले, "तुझी गोष्ट लिहू का? स्थळं कमी येतील." ती म्हणाली, "आई, जे स्थळ हे वाचून मागे फिरेल, ते न आलेलंच बरं. आणि माझ्या बाळाची सोनोग्राफी पाचव्या आठवड्यात व्हायला हवी, त्याला शंभरात बारा आहे. हे नवऱ्याच्या घरी लपवून मी कशी करणार?" भाचीनंही होकार दिला आहे. विहीणबाईंना मी विचारलेलं नाही, कारण गुपित त्यांचं नव्हतंच. बाळाचं होतं, आणि बाळाचं हित कशात आहे ते स्पष्ट आहे. गुपित आणि खोटं यांतही फरक असतो. गुपित म्हणजे न बोलणं. 'नर्सनं हिसका दिला' हे बोलणं आहे, आणि त्यात एका गरीब बाईच्या नोकरीवर उगाच बालंट आहे.

थोडं कामाचं सांगते, लिहून ठेवा. दुपटं बदलताना एक मांडी दुसरीइतकी फाकत नसेल, मांडीच्या वळ्या दोन्ही बाजूंना सारख्या नसतील, बाळाला निजवून दोन्ही गुडघे दुमडले तर एक गुडघा खाली दिसत असेल, चालायला लागल्यावर झोक जात असेल किंवा बदकासारखं डुलत असेल, तर दाखवा. नुसत्या वळ्या वेगळ्या दिसल्या म्हणून घाबरू नका, पुष्कळ निरोगी बाळांच्याही असतात; पण दाखवा. सहा महिन्यांच्या आत ओळखलं तर बहुतेक बाळांचं या पट्ट्यांवर भागतं. हे पट्टे चेकोस्लोव्हाकियाच्या आर्नोल्ड पाव्लिक यांनी शोधले, बाळाला पाय हलवता येतात आणि गोळा वाटीतच राहतो. काही आठवडे जवळजवळ दिवसरात्र ठेवायचे, डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय आंघोळीलाही स्वतःहून सोडायचे नाहीत. त्यानंतरच्या वयात भूल देऊन खुबा बसवून प्लास्टर. दीड वर्ष उलटलं, की बहुधा माझ्या लेकीसारखं ऑपरेशन. आणि काहीच केलं नाही, तर आईसारखं.

प्रत्येक लंगडणं हेच असतं असंही नाही. चार ते आठ वर्षांचा मुलगा चांगला चालता चालता लंगडू लागला, गुडघा दुखतो म्हणाला, तर खुब्याच्या गोळ्याचा रक्तपुरवठा कमी होणारा पर्थेस नावाचा निराळा आजार असू शकतो. तोही पडल्यामुळे म्हणून सोडून देऊ नका.

सरकारी सोय आहे, तीही वापरा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली आपल्याच पालघरमधून सुरू झाला. त्यात तपासायच्या जन्मजात दोषांच्या यादीत हा खुब्याचा विकार आहे. आशाताई घरी येतात, अंगणवाडीत पथक येतं. त्या विचारतात, घरात कुणाला काही आहे का? आणि आपण चहाचा कप पुढे करत म्हणतो, छे छे, आमच्याकडे कुणाला काही नाही.

मैत्रिणींनो, आपल्या प्रत्येकीकडे एक जुनी वही असते. तिच्यात लोणच्याचं प्रमाण असतं, पूर्वजांच्या तिथ्या असतात, कुणी किती आहेर केला तेही असतं. त्यात एक पान आणखी घाला. कोण डुलत चालत होतं, कोणत्या बाजूला, कोणत्या वयापासून. माहेरचं आणि सासरचं, दोन्हीकडचं. 'पडली' असं ऐकलं असेल तर तेही लिहा आणि पुढे प्रश्नचिन्ह द्या. मुलीच्या पाठवणीत ते पान द्या, सुनेच्या हातात ते पान द्या. दागिने मोजून देतो, हेही द्या.

बारशाच्या दिवशी मी काय केलं, ते सांगून थांबते. विहीणबाईंचं वाक्य संपलं, तशी मी उठले, पाळण्याजवळ गेले आणि शाल काढून घडी करून बाजूला ठेवली. म्हणाले, "नर्सनं काही केलेलं नाही हो. आमच्या घरचा खुबा आहे. माझ्या आईला होता, मावशीला होता, माझ्या लेकीला होता. हिचा वेळेवर सापडला." खोली जरा शांत झाली. विहीणबाई माझ्याशी अजून बोलत नाहीत, त्याचं मला वाईट वाटतं. त्या बाई वाईट नाहीत, घाबरलेल्या आहेत. पण जाताना त्यांच्याच नात्यातल्या एक आजीबाई दारापाशी मला थांबवून हळूच म्हणाल्या, "आमच्या थोरलीलाही असंच होतं. आम्ही म्हणायचो, जिन्यावरून पडली."

जय जिनेंद्र.